युक्तीबरोबर कारणही द्या



ज्या बाईंच्या स्मरणार्थ या व्याख्यानमालेचे हे पुष्प दरवर्षी गुंफले जाते, त्यांनी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवले आणि तेवढीच वर्षे घरचा स्वयंपाकही केला. प्रयोगशाळेत लिटमसचे कागद संपले की त्या टीपकागदाला हळदीचे पाणी लावून वाळवत आणि त्याच्या पट्ट्या मुलांच्या हातात देत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. तेव्हा आज घरगुती युक्त्यांवर बोलताना हा विषय व्याख्यानमालेत कसा, याचा खुलासा करण्याची मला गरज वाटत नाही. रोज सकाळी पाचपासून रात्री दहापर्यंत आपल्या घरांत जे चालते, त्यात उष्णता, ओलावा, आंबट, खारट, जंतू, किडे, धातू आणि वायू या सगळ्यांशी कामाची गाठ पडते. ज्यांनी ही गाठ पिढ्यान् पिढ्या निभावली, त्यांच्याजवळ ज्ञान होते. ते बहुतेक तोंडी राहिले.

अगदीच लिहिले गेले नाही असे नाही. सतराव्या शतकात रघुनाथसूरींनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात पदार्थांबरोबर त्यांचे गुणदोषही आहेत. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ आले. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने घराघरांतल्या वाटी-चमच्याला प्रमाणाची प्रतिष्ठा दिली. पहिल्यांदाच संसाराला लागलेल्या मुलीला ‘अंदाजाने घाल’ म्हणण्यापेक्षा ‘अर्धी वाटी घाल’ म्हणणे किती मोलाचे होते, हे त्या पिढीतल्या बायका आजही सांगतात. मग मासिकांच्या कोपऱ्यांतल्या चौकटी आल्या, कॅलेंडरच्या पाठीमागची पाने आली आणि आता फोनवर अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती आल्या आहेत. युक्त्यांचा असा सुकाळ आजवर कधी नव्हता.

माझी तक्रार एकच आहे. ‘असे करा’ एवढेच पुढे जाते, ‘का’ मागे राहते. कारण माहीत नसलेली युक्ती गाव बदलले, ऋतू बदलला, भांडे बदलले की कोलमडते. कधी कधी ती जीवावरही बेतते. म्हणून आज मी काही युक्त्या घेणार आहे आणि प्रत्येकीला ‘का’ विचारणार आहे.

हळदीपासूनच सुरुवात करू. पांढऱ्या सदऱ्यावर आमटीचा थेंब पडला. आपण धावत जाऊन साबण चोळतो, तर पिवळा डाग पाहता पाहता तांबडा होतो. कपडा वाया गेला असे वाटून कुणी तो आणखी घासते, कुणी ब्लीच ओतते. खरे तर काहीच बिघडलेले नसते. हळदीतले रंगद्रव्य अल्कलीत गेले की लाल होते. धुण्याचा साबण अल्कलीच असतो. हळदीला चुना लावला की ती लाल होते, हे आपल्या घरात लहान मुलालाही ठाऊक असते. साबण पाण्याने निघून गेला की डाग पुन्हा पिवळा होतो. आता या रंगद्रव्याच्या दोन खोडी लक्षात घ्या. एक, ते पाण्यात फारसे विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून आधी साबणाने तेल काढायचे. दोन, ते उजेडात टिकत नाही. म्हणून कपडा ओला असतानाच कडक उन्हात डाग वर करून वाळत घालायचा. एका दुपारीत डाग फिका होतो, दोन-तीन दुपारींत बहुधा दिसेनासा होतो. इस्त्रीही नको आणि ब्लीचही नको. हे कारण कळले की फ्लॅटमध्ये बाल्कनीला ऊन नसेल तेव्हा डाग का जात नाही, तेही आपोआप कळते. आणि हळदीची बरणी खिडकीतल्या फळीवर ठेवू नये, हेही कळते. एका कारणातून तीन युक्त्या निघाल्या.

आता डाळ. आपल्याकडे वरणासाठी शिजत टाकलेली तूरडाळ हा रोजचा विषय, आणि ‘डाळ शिजली नाही’ ही रोजची कुरकुर. खेड्यांतून पूर्वी म्हणत की अमक्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, तमक्या विहिरीचे आणा. हा निव्वळ समज नव्हता. विहिरीचे आणि आता बोअरवेलचे पाणी पुष्कळदा जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. डाळीच्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे पेक्टिन या कॅल्शियमशी जोडले गेले की घट्ट होते आणि दाणा मऊ होत नाही. आंबटाचा परिणामही असाच होतो. चिंच, आमसूल, टोमॅटो आधी घातले तर डाळ कितीही उकळा, कणी राहते. म्हणून आमटीत चिंच-गूळ नेहमी डाळ घोटल्यानंतर पडते. आपल्या आज्यांनी हा क्रम ठरवला तो चवीसाठी असेल असे मला वाटत असे. तो शिजण्यासाठीही होता. जड पाणी असेल तर ते आधी उकळून, निवू देऊन, वरचे निवळलेले पाणी डाळीला घ्यावे. उकळल्याने काही क्षार भांड्याच्या तळाशी बसतात. चिमूटभर सोडा घातला तर डाळ लवकर शिजते हे खरे, पण अल्कलीत आणि उष्णतेत ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते. डाळ हे आपल्या ताटातले त्याचे एक महत्त्वाचे साधन. म्हणून सोडा नको, तास-दीड तास भिजवणे बरे. डाळ फार जुनी असेल तर भिजवूनही ती हट्ट सोडत नाही. साठवणीच्या डाळीवर महिना लिहून ठेवण्याची सवय तेवढ्यासाठी चांगली.

कुकर आला आणि ही कुरकुर पुष्कळ कमी झाली. डेनिस पापँ या फ्रेंच गृहस्थाने १६७९ मध्ये लंडनमध्ये दाबाखाली शिजवणारे भांडे केले, तेव्हा त्याने वाफ जास्त झाली की ती सोडणारी वजनाची झडपही केली. आपल्या शिट्टीचे काम तेच. उघड्या पातेल्यात पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळते आणि मग खाली कितीही मोठी ज्योत करा, ते १०० च्या वर जात नाही. नुसती वाफ होते आणि गॅस जातो. कुकरमध्ये दाबामुळे ते सुमारे १२० अंशांपर्यंत चढते. म्हणून पहिली शिट्टी झाली की आच बारीक करायची. दाब तयार झाला, आता तो टिकवायचा आहे एवढेच. ‘चार शिट्ट्या’ हे माप मोठ्या आचेवर आणि बारीक आचेवर सारखे नसते. एका घरची चार शिट्ट्यांची डाळ दुसऱ्या घरी का फसते, त्याचे उत्तर यात आहे. शिट्ट्या मोजण्याऐवजी पहिल्या शिट्टीनंतरची मिनिटे मोजावीत. डाळीत चमचाभर तेल घालतात ते फेस बसावा म्हणून. फेस वर येऊन वाफेच्या वाटेत अडकला की धोका असतो. त्याच कारणाने कुकर काठोकाठ भरू नये, आणि डाळीचा तर अर्ध्याच्या वर नाहीच.

आणि उंची. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. तिथे पाणी ९५-९६ अंशांवरच उकळते. सहलीला गेलेली मंडळी उघड्या पातेल्यात बटाटे उकडतात आणि ‘इथले बटाटेच वाईट’ म्हणतात. बटाटे चांगले असतात, पाणी कमी तापलेले असते.

राजम्याबद्दल दोन वाक्ये सांगतो, कारण आता तो मराठी घरांत सर्रास होतो. त्यात एक विषारी प्रथिन असते. रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यायचे आणि राजमा खळखळा उकळत्या पाण्यात किंवा कुकरमध्ये पूर्ण शिजवायचा. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात तो तासन् तास ठेवून खाणे धोक्याचे आहे.

आपल्या भाज्यांपैकी मला सगळ्यात शिकवणारी भाजी केळफुलाची वाटते. दुपारी पेपर पसरून, हाताला खोबरेल चोळून बसायचे. एकेक जांभळे पान उलगडायचे, त्याच्याखालची फुले काढायची, प्रत्येक फुलातला काडीसारखा ताठ दांडा आणि पापुद्रा टाकायचा, कारण ते शिजत नाहीत. चिरलेले लगेच ताकात बुडवायचे. यात तीन युक्त्या आहेत आणि तिन्हींची कारणे वेगवेगळी. तेल चिकासाठी, केळीचा, फणसाचा चीक पाण्याने निघत नाही, तेलाने सुटतो, म्हणून फणस कापताना विळीलाही तेल लावतात. ताकातला आंबटपणा चिरलेला भाग काळा पडू देत नाही. वांगे, बटाटा, सफरचंद, केळफूल यांच्या चिरल्या भागाला हवा लागली की त्यांच्यातला एक विकर त्यांना काळे करतो. पाण्याने हवा अडते, आंबटाने त्या विकराचे काम मंदावते. आणि ताकातली दुधाची प्रथिने केळफुलाचा तुरटपणा बांधून घेतात. हे नुसत्या लिंबाच्या पाण्याने होत नाही. ज्या कुणी पहिल्यांदा पाण्याऐवजी ताक घेतले, तिने दोन कामे एका वाडग्यात केली. तिचे नाव कुठेही नोंदलेले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अळू आणि सुरण यांची खवखव निराळी. त्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते घशाला आणि हाताला टोचतात. म्हणून अळू चिरताना हात कोरडे ठेवून तेल लावावे, फदफद्यात चिंच किंवा आमसूल घालावे आणि पाने अर्धवट शिजवून उतरवू नयेत. घाई केली की चिंचही वाचवत नाही.

आता भांडी. पितळेच्या पातेल्यात ताक राहिले की ते कळकते, हे वाक्य माझ्या वयाच्या प्रत्येकाने ऐकले आहे. तांबे आणि पितळ आंबटाशी लागले की त्यांचे क्षार अन्नात उतरतात. चव बिघडते, मळमळते, उलट्या होतात. यावर आपल्याकडे कल्हई होती. दारोदार हाक देत कल्हईवाला यायचा. वाड्याच्या चौकात लहानसा खड्डा करून त्यात कोळसे पेटवायचा, कातडी भात्याने फुलवायचा. पातेले चिमट्यात धरून फिरवत तापवले की आत नवसागराची पूड टाकायचा. भसकन पांढरा धूर यायचा आणि नाकात झोंबायचा. त्या नवसागराने धातूवरचा काळा थर निघून जायचा. मग कथलाची कांडी नुसती टेकवायची. कथील २३२ अंशांना वितळते, त्यामुळे ते लगेच पाण्यासारखे पसरायचे. हातातल्या कापसाच्या बोळ्याने एक वळसा दिला की पितळेचे पिवळे अंग आतून चांदीसारखे पांढरे व्हायचे, आणि पातेले पाण्यात बुडवले की चुर्र आवाज. कथलाला आंबटाची बाधा तांब्याइतकी होत नाही. या कारागिरीत उष्णता, स्वच्छता आणि धातूंचे गुण यांचे नेमके भान होते.

आज तांब्याच्या भांड्यातले पाणी पिण्याची लाट आहे. साधे पाणी ठेवायला हरकत नाही. पण त्याच तांब्यात लिंबूसरबत, ताक, पन्हे भरून मुलांच्या डब्याबरोबर देणारे पालक मी पाहिले आहेत. कल्हई गेली आणि तिचे कारणही विसरले, त्याचा हा परिणाम. तांबे-पितळ उजळायला चिंच किंवा लिंबू चालते, ते याच गुणामुळे: आंबट वरचा काळा थर विरघळवते. जे घासायला चांगले, तेच साठवायला वाईट.

लोखंडाचे याच्या उलट. लोखंडी कढईत भाजी केली की थोडे लोह अन्नात उतरते आणि ते आपल्याला हवेच असते. आंबट भाजीत ते जास्त उतरते, भाजी जरा काळपट होते; झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी. बिडाच्या तव्यावर घावन सुटत नसेल तर तवा वाईट नसतो. तेलाचा पातळ हात देऊन तापवले की त्याचा टणक थर बसतो; काथ्याने आणि साबणाने खरवडून आपण तोच काढून टाकतो. गरम पाण्याने धुवावा, पुसून तापवावा, तेलाचे बोट फिरवावे. घावन घालण्यापूर्वी अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून फिरवतात, त्याने तेल सगळीकडे सारखे आणि पातळ लागते.

इतका वेळ वस्तूंबद्दल बोललो. गावाबद्दल आणि ऋतूबद्दलही बोलायला हवे, कारण युक्त्या सगळ्यात जास्त तिथे फसतात. माठातले पाणी गार होते ते झिरपलेले पाणी हवेत उडून जाताना माठाची उष्णता घेऊन जाते म्हणून. नागपुरात मे महिन्यात हवा कोरडी असते. ओल्या फडक्यात गुंडाळून, वाळूवर, वाऱ्याच्या वाटेत ठेवलेला माठ तिथे उत्तम काम करतो. तोच माठ रत्नागिरीत किंवा मुंबईत तितका गार होत नाही, कारण हवेतच पाणी भरलेले असते. कूलरचे तेच. विदर्भातले लोक कूलर खिडकीत बसवून समोरचे दार उघडे ठेवतात, आणि मुंबईत नवा कूलर आणलेले लोक गारवा बाहेर जाऊ नये म्हणून खोली बंद करून बसतात. मग ओलावा साचतो आणि चिकचिक वाढते. वैदर्भीय पद्धत बरोबर आहे.

कोकणात जून लागला की मिठाला पाणी सुटते. म्हणून मीठदाणीत तांदळाचे दाणे घालतात, ते थोडा ओलावा घेतात. पण खडे मिठाची मोठी बरणी असेल तर चार दाण्यांनी भागत नाही. घट्ट झाकण आणि कोरडा चमचा याला पर्याय नाही. विरजणाचेही ऋतूप्रमाणे बदलते. दह्याचे जंतू ४० ते ४५ अंशांच्या उबेत जोमाने वाढतात. बोट बुडवून सुखाने सोसवेल इतके कोमट दूध घ्यायचे. त्याहून गरम असेल तर विरजण मरते, गार असेल तर ते आळसावते. उन्हाळ्यात अर्धा चमचा पुरतो, पुण्याच्या डिसेंबरात दोन चमचे घालून भांडे टॉवेलात गुंडाळून ठेवावे लागते. ‘एक लिटरला एक चमचा’ असे बाराही महिने सांगणाऱ्यांनी थंडीत दही लावून पाहिलेले नसावे.

आता मी ज्या भागासाठी हा विषय निवडला, त्याकडे येतो. धान्याची साठवण.

वर्षाचे गहू, तांदूळ, डाळी भरणे हा आपल्या घरांतला मोठा उद्योग असे, अजूनही पुष्कळ घरांत आहे. धान्याला कीड कुठून लागते? बहुतेक वेळा ती घरात येण्यापूर्वीच लागलेली असते. तांदळा-गव्हातल्या सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि भोक बुजवते. बाहेरून दाणा धडधाकट दिसतो. कडधान्यातला भुंगा मात्र अंडे दाण्याच्या वरच चिकटवतो. मुगावर किंवा चवळीवर पांढरा ठिपका दिसतो तो हाच. आता एरंडेलाची युक्ती पाहा. कडधान्याला तेलाचा हात दिला की त्या वरच्या अंड्यांना हवा मिळत नाही आणि ती मरतात. सोंड्याचे अंडे दाण्याच्या आत असल्याने तिथे तेलाचा तेवढा उपयोग नाही. तिथे कडक ऊन कामी येते. वैशाखात पत्र्यावर किंवा गच्चीवर पातळ पसरलेले धान्य चांगले तापते, त्यातला ओलावा कमी होतो आणि कोरड्या धान्यात किडीची वाढ खुंटते. वाळवलेले धान्य पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरू नये. गरम भरले की झाकणाला घाम येतो आणि वाळवण फुकट जाते. कडधान्यात चाळलेली राख मिसळण्याची रीत तर फार शहाणपणाची. राखेचे बारीक कण किड्याच्या अंगावरचा मेणासारखा थर खरवडतात, त्याच्या अंगातले पाणी निघून जाते आणि तो वाळून मरतो. धुतली की राख जाते. शहरात राख नाही, पण फ्रीजर आहे. रवा, मैदा, बेसन आणल्यावर पिशवीसकट चार-पाच दिवस फ्रीजरमध्ये ठेवले की अंडी मरतात. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळवून. ओला पाला घातला तर बुरशीला आपणच आमंत्रण देतो.

या सगळ्या युक्त्या सुरक्षित आहेत. पण त्यांच्याच शेजारी, त्याच मायेने सांगितल्या जाणाऱ्या दोन युक्त्या विषारी आहेत. पहिली, पाऱ्याच्या गोळ्या. कापडात बांधून धान्याच्या डब्यात टाकतात. पारा नेहमीच्या घरगुती तापमानालाही हवेत उडत राहतो. ती वाफ दिसत नाही, तिला वास नाही. तिने मज्जासंस्थेला आणि मूत्रपिंडांना इजा होते, आणि पोटातल्या बाळाला व लहान मुलांना सगळ्यात जास्त. ‘आमच्याकडे वर्षानुवर्षे घालतात, काही झाले नाही’ हे उत्तर मला प्रत्येक ठिकाणी मिळते. हळूहळू होणारे नुकसान असे कुणाला दिसत नसते. ज्यांच्या घरी अशा गोळ्या असतील, त्यांनी त्या हातमोजे घालून घट्ट झाकणाच्या बाटलीत बंद कराव्यात आणि घरगुती घातक कचरा म्हणून वेगळ्या द्याव्यात. चुलीत, मोरीत, कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत.

दुसरी त्याहून भयंकर. गोदामांत धान्याला धुरी देण्यासाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात. हवेतला ओलावा लागताच त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. या गोळ्या सामान्य माणसाला विकायच्याच नसतात. प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखालीच त्यांचा वापर करायचा असतो. तरी त्या मिळतात, आणि कुणीतरी ओळखीचा ‘गव्हाच्या पोत्यात एक टाका, वर्षभर निश्चिंत’ असे सांगतो. पोते झोपण्याच्या खोलीत असते, खिडक्या बंद असतात, आणि सकाळी त्या घरात कुणी उठत नाही. आपल्या देशात अशा बातम्या पुन्हा पुन्हा आल्या आहेत. मी हात जोडून सांगतो, घरात या गोळ्या कधीही, कुणीही, एकही आणू नका. गव्हाला कीड लागली तर गहू फेकून द्या.

साफसफाईतही हेच घडते. दोन चांगल्या वस्तू एकत्र केल्या की दुप्पट चांगल्या होतील, असे पुष्कळांना वाटते. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे द्रावण आणि संडास साफ करण्याचे आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू होतो. लहान, बंद न्हाणीघरात तो फुफ्फुसे जाळतो. एक वापरले, भरपूर पाण्याने धुतले, त्या दिवशी दुसरे वापरायचे नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढण्याची चित्रफीत तुम्ही पाहिली असेल. त्यात धोका नाही, पण फायदाही फारसा नाही. दोघे एकमेकांचा गुण मारतात आणि जवळपास खारट पाणी उरते. नळावरचे, किटलीतले पांढरे क्षार काढायला व्हिनेगर किंवा लिंबू एकटे वापरावे. ओट्यावरच्या तेलकटपणाला सोडा एकटा.

उरलेल्या भाताबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण फोडणीचा भात हा आपला सकाळचा आवडता नाश्ता. तांदळात असणाऱ्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही जगतात. भात रात्रभर उबेत राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार करतात, ते फोडणीच्या उष्णतेनेही नष्ट होत नाही. म्हणजे ‘चांगला परतला की झाले’ हे खरे नाही. उन्हाळ्यात उरलेला भात ताटात पसरून लवकर निववावा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. मग सकाळी फोडणी निर्धास्त द्या.

शेवटी भाजणे आणि आग. हात भाजला की टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नका. त्यांनी उष्णता आतच कोंडते आणि डॉक्टरांना जखम दिसत नाही. नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा, बर्फ नको, बांगड्या-अंगठ्या सूज येण्याआधी काढा. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नका. पाणी तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होते आणि पेटते तेल छतापर्यंत उडवते. गॅस बंद करा, कढईवर ताट किंवा झाकण सरकवा, कढई उचलून पळू नका. सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की जमिनीलगत साचतो. वास आला तर दिवा लावू नका आणि लागलेला विझवूही नका, कारण बटणाची ठिणगी दोन्ही वेळा पडते. दारे-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर जा आणि तिथून फोन करा.

श्रोतेहो, ही माहिती घरातल्या एकाच माणसाच्या डोक्यात असून चालणार नाही. ती बहुतेक घरांत एका बाईच्या डोक्यात असते, आणि ती आजारी पडली की घर अडते. मुलाला, मुलीला, नवऱ्याला, सासऱ्यांना कुकरचे झाकण कसे लावायचे आणि का, हे माहीत असले पाहिजे. मी तुमच्याकडे दोन गोष्टी मागतो. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ एका रविवारी बसा, त्यांच्या युक्त्या वहीत उतरवा आणि प्रत्येकीपुढे कारण लिहा. कारण सापडले नाही तर जागा रिकामी ठेवा आणि शाळेत जाणाऱ्या नातवंडाला ती भरायला सांगा. दुसरी गोष्ट आजच करण्यासारखी आहे. घरी गेल्यावर धान्याचे डबे उघडून पाऱ्याच्या गोळ्या आहेत का पाहा, आणि सिलिंडरच्या गॅसगळतीसाठीचा १९०६ हा मदतीचा क्रमांक ठळक अक्षरांत लिहून दाराजवळच्या भिंतीवर, लहान मुलालाही वाचता येईल इतक्या उंचीवर लावा.